टोपीची गाठ

केउरू, २४ नोव्हेंबर

आउने,

‘प्रिय’ लिहिलं होतं. मग वाटलं, ते वाचून तू भुवया चढवशील, म्हणून नवा कागद घेतला.

दोन वर्षं आपण बोललो नाही. माझी त्याला हरकत नव्हती, तुझीही नसावी. पण परवा लाकूड कंपनीचा माणूस बाबांच्या राईचा तोडीचा करारनामा घेऊन आला आणि त्यावर तुझी सही आधीच होती. राई आपल्या दोघांच्या नावावर आहे, तेव्हा लिहिणं भाग आहे.

मी कागद उजेडात धरून पाहिला. सही तुझीच. शेवटचं अक्षर अजून तसंच, रागावून दार आपटल्यासारखं. आणि सहीखाली पेन्सिलीनं एक ओळ: ‘सुई गेली. रिकामं जंगल कुणासाठी राखायचं?’

लाकूडवाल्यानं ती ओळ वाचली होती. म्हणाला, “कसली सुई हो? मशिनची?”

“पक्षी आहे,” मी म्हटलं. “स्प्रूसच्या झाडांच्या शेंड्यात फिरतो. अंगठ्याएवढा. डोक्यावर पिवळी रेघ. आवाज अगदी बारीक, टोचल्यासारखा. आमच्या वडिलांनी ठेवलेलं नाव आहे.”

“असं होय. मला आपलं वाटलं, बाईंचं शिवणकाम राहिलं तिथे.” मग बुटांवरचा चिखल उंबऱ्याला पुसत म्हणाला, “खरं सांगू? तुमच्या बहिणीला पक्ष्यांचं वेड, म्हणून मला वाटलं होतं तिथेच अडेल. त्यांनी तर दारातच सही केली.”

मलाही वाटलं होतं तिथेच अडेल. रस्त्यापलीकडची माझ्या वाट्याची पट्टी मी तोडली, तेव्हा तू दुकानात, राय ब्रेडच्या फळीसमोर, चारचौघांत मला म्हणालीस, “तुझ्या करवतीनं सुईला हाकलून लावलं.” राईतल्या एका फांदीलाही मी हात लावला नव्हता. तरी त्या दिवसापासून गावात माझं नाव जंगलतोड्या पडलं, आणि सौनाच्या वाफेतसुद्धा लोक बाकावर थोडं सरकून बसायला लागले. आता तू त्याच राईवर सही करतेस. मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

तुओमोचाही फोन आला होता. पक्षीमंडळाचा चिटणीस झाल्यापासून त्याचा आवाज आणखी मऊ झालाय. तुझं खुब्याचं हाड मोडलं, तू टाम्पेरेला चौथ्या मजल्यावर राहायला गेलीस, तर हिवाळ्यातल्या फेऱ्या आता कोण घालणार? बाबांची वाट, मग तुझी वाट. दर हिवाळ्यात तीच झाडं, तीच वळणं, दिसेल आणि ऐकू येईल तो पक्षी टिपायचा. एक हिवाळा चुकला तर इतक्या वर्षांचं सगळं तुटेल, वगैरे.

“जंगलतोड्याला पक्षी टिपायला पाठवतोस?” मी विचारलं.

“दुसरं कुणी जवळ राहत नाही,” तो म्हणाला. निदान प्रामाणिक आहे.

मी नाही म्हटलं.

करार कॉफीच्या डब्याखाली ठेवलाय. यंदा नोव्हेंबर ओलाच आहे, यंत्रं आत गेली तर रुततील. जमीन गोठली की सही करीन. तुझी मर्जी तीच माझी, असं समज.

वाइनो


२९ डिसेंबर

आउने,

फेरी मी घातली. तुओमोला नाही म्हणणं सोपं आहे, सायमीला नाही. ती दारात स्की टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, “चल, ऊठ. पोस्टात होते तेव्हा याहून वाईट हवेत तुझ्या घरी वीजबिल आणून दिलंय मी.”

सायमी निवृत्त झाली, पण गावाचं टपाल अजून तीच वाटते, फक्त पाकिटाशिवाय. तुझ्या हाडाची बातमी मला तिच्याकडूनच कळली. तू गेल्या वर्षी तिला सोबत नेत होतीस हे मात्र मला माहीत नव्हतं. तू कुणाला सोबत नेशील असं वाटलं नव्हतं.

थंडी चांगली होती. नाकातले केस कडक होतात तेवढी. उजाडलं तेव्हा आम्ही तळ्याकाठच्या बर्चच्या झाडांपर्यंत पोचलो होतो, आणि सूर्य झाडांच्या बुंध्यांवरच अडकून राहिला, वर चढायचं मनावर घेईना. मी माझी करवतीच्या दिवसांतली लोकरीची टोपी घातली होती आणि ती भुवयांपर्यंत ओढली होती.

“कान,” सायमी म्हणाली.

“काय?”

“कान उघडे कर. तुझा बाप वरून बघतोय.”

बाबांची टोपी तुझ्याकडे आहे, नाहीतर हा प्रश्न आला नसता. त्या टोपीच्या कानपट्ट्या वर घेऊन बाबांनी माथ्यावर गाठ मारली ती मारलीच. थंडी कितीही पडो, फेरीत कान झाकायचे नाहीत. आई म्हणायची, या माणसाचे कान एक दिवस टेबलावर पडतील, मी ते सूपमध्ये घालीन. बाबांचे काही पडले नाहीत. तुझ्या डाव्या कानाची पाळी मात्र गेली, त्या जानेवारीत, आणि तू ती कधी केसांखाली लपवली नाहीस. उलट शाळेत दाखवत फिरायचीस.

मी टोपी वर सरकवली. कान जळायला लागले. मग बधिर झाले. मग वाट चांगली चालता आली.

तळ्याकाठी लाल छातीवाले पाच-सहा, गोठलेल्या सफरचंदांसारखे बसून होते. काळा सुतार दलदलीच्या कडेला, त्याची टकटक ऐकूनच कळलं. तुरेवाल्या वल्गुल्या, चिमणीहून इवल्या, रस्त्याजवळ. माझ्या पट्टीवर काही नव्हतं, फक्त बर्फात सशाच्या खुणा. ते मी लिहून पाठवलं, ‘पट्टीवर काही नाही.’ तुला बरं वाटेल.

राईत आम्ही बराच वेळ थांबलो. सायमीनं हातमोजा काढला आणि थर्मास उघडायचा विसरली. तिथलं विशेष लिहिण्यासारखं नाही. कॉफी प्यालो. तिनं वेलदोड्याचा पुल्ला आणला होता, तो गोड पाव दातांना लागला तेव्हा लाकडाचा वाटला. मग ती काहीतरी म्हणाली, ते सोडून देऊ.

परत येताना तिनं विचारलं, “हे तू आउनेला कळवणार ना?”

“काय कळवायचं?”

“बरं,” ती म्हणाली. “खांबाशी बोलले असते तर खांबानं निदान बर्फ तरी सांडला असता.”

तुओमोला जे पाठवायचं ते पाठवलं. तुला बहुतेक प्रत येईल. जमीन आता गोठली आहे.

वाइनो


१२ जानेवारी

आउने,

तुझं कार्ड आलं. चित्रात टाम्पेरेचा मनोरा, मागे एकच शब्द: ‘सुई?’ दोन वर्षांनी एक शब्द. तिकिटाचा तरी मान ठेवायचास.

होती. राईत. एक नाही, टोळकं होतं. उंच शेंड्यांत फिरत होतं, आधी आवाज, मग फांदीवरून बर्फाची भुकटी, मग एक खाली उतरली आणि इतक्या जवळ आली की पिवळी रेघ दिसली. सायमीच्या खांद्यावर बसेल असं वाटलं.

मला काय वाटलं ते सांगतो, कारण तू नाहीतर काहीतरी वेगळं समजशील. मला पक्ष्याचा आनंद झाला नाही. मला वाटलं, जिंकलो. ब्रेडच्या फळीसमोरचं ते वाक्य आता तुला परत घ्यावं लागेल. मी मनातल्या मनात तुला दुकानात उभं केलं, तीच माणसं आजूबाजूला, आणि तू माफी मागतेस. घरी येईपर्यंत मी ती माफी तीन-चार तऱ्हांनी ऐकली.

मग पत्रात ते लिहायला बसलो आणि लिहिलं नाही. का, ते विचारू नकोस.

यंदा त्या उत्तरेकडून उतरल्या असतील. तिकडे थंडी जास्त आहे. किंवा माझ्या पट्टीवरचा गलबला शांत झाला म्हणून परतल्या असतील. तू म्हणाली होतीस ते बरोबरच असेल, गेल्या होत्या, आता आल्या. पक्षी येतात-जातात.

लाकूडवाला काल परत आला. त्याच्या गाडीत कुत्रा असतो, तो भुंकत नाही, नुसता बघतो, मालकासारखा. “जमीन दगड झालीय,” तो म्हणाला. “मार्चअखेर पुन्हा मऊ होईल. महिनाअखेरपर्यंत यंत्र आणायचं ठरलंय, तुमची तेवढी सही.”

“बहिणीला एक विचारायचंय.”

“त्यांनी तर कधीच दिली!”

“म्हणूनच विचारायचंय,” मी म्हटलं. त्यानं कुत्र्याकडे बघितलं, कुत्र्यानं माझ्याकडे.

तर आता विचारतो. तुझ्या ओळीत लिहिलं होतं, रिकामं जंगल. ते रिकामं नाही. मग सही मागे घेतेस का? दोन ओळी लिही. एक शब्द पुरणार नाही.

वाइनो


४ फेब्रुवारी

आउने,

मला लिहायच्या ऐवजी तू तुओमोला फोन केलास. त्यानं मला सगळं सांगितलं नाही, पण तो वाईट खोटं बोलतो, त्यामुळे तू काय म्हणालीस ते कळलं. जंगलतोड्यानं स्वतःचं नाव धुवायला सुया बनवल्या. त्याला वल्गुली आणि सुई यातला फरक कळत नाही, लहानपणीही कळत नव्हता. फेरी रद्द करा.

मला राग आला. तो अजून आहे. पुढचं वाच आणि तो विसर, असं मी म्हणणार नाही.

लहानपणी मला फरक कळत नव्हता हे खरं आहे. कळायला लागला तो तुझ्यामुळे. मी पाच वर्षांचा असेन. बाबा पुढे गेले होते, आणि तू माझी टोपी काढून खिशात घातलीस, माझी हनुवटी धरलीस आणि डोकं वळवलंस. जंगलात बोलायचं नाही हा बाबांचा कायदा, म्हणून तू काही बोलली नाहीस. नुसतं वळवत राहिलीस, थोडं इकडे, थोडं वर, आणि मग मला ते ऐकू आलं. इतकं बारीक की आधी वाटलं माझ्याच डोक्यात आहे. तू माझ्याकडे बघून समजलीस आणि हनुवटी सोडलीस. तो आवाज मी विसरेन असं तुला कसं वाटलं?

शनिवारी तुओमो स्वतः आला. गुळगुळीत बूट, महागडी दुर्बीण. आम्ही दोघं राईत गेलो. वाटेत तो हवामानाबद्दल बोलला, मुलीच्या दातांना लावलेल्या तारेबद्दल बोलला, राईच्या कडेला आल्यावर गप्प झाला. आम्ही उभे राहिलो. फार उभं राहावं लागलं नाही.

त्यानं दुर्बीण उचललीच नाही. म्हणाला, “अरे देवा.”

“खोटं आहे?” मी विचारलं.

“वाइनो, हे कायमचे राहणारे आहेत. हे काही उत्तरेकडून उतरलेले नाहीत. इतक्या जुन्या स्प्रूसमध्ये...” मग त्याला काहीतरी सुचलं आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं. मला ते डिसेंबरातच सुचलं होतं, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

गाडीत बसून आम्ही कॉफी प्यालो. काचा आतून धुरकट झाल्या.

“तिला कुणीतरी सांगायला हवं,” तो म्हणाला.

“तू चिटणीस आहेस.”

“तू भाऊ आहेस.”

“ती माझ्याशी बोलत नाही.”

“ती माझ्याशी बोलते,” तुओमो म्हणाला, “म्हणूनच मी सांगणार नाही. अरे, तिनं मला पक्षी शिकवले. मी नववीत होतो.” आणि त्यानं उरलेला पुल्ला सगळा खाल्ला. घाबरल्यावर खातो तो.

तेव्हा मी सांगतो. डिसेंबरात सायमी राईत काय म्हणाली, जे मी सोडून दिलं होतं, ते असं. मी म्हटलं, “परत आल्या म्हणायच्या.” ती म्हणाली, “परत कसल्या? गेल्या हिवाळ्यातही होत्या. त्याच झाडात. आम्ही दोघी खाली उभ्या होतो.”

“मग आउनेला सांगितलं का नाहीस?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा. “आउनेला? मी? आउनेला सुई वाजतेय म्हणून मी सांगायचं? मला वाटलं ती ऐकतेच आहे. मी तर श्वाससुद्धा धरून होते, तिच्या ऐकण्यात अडथळा नको म्हणून. मग ती पुढे निघाली. मला वाटलं, टिपून घेतलं.”

एवढंच झालं, आउने. सुई वर वाजत होती आणि खाली दोन बायका बाबांच्या कायद्याप्रमाणे गप्प उभ्या होत्या. एकीला ऐकू येत होतं, ती मानानं बोलली नाही. दुसरीला ऐकू येत नव्हतं, तिला सांगायला कुणी नव्हतं. आपल्याकडे असंच व्हायचं. दुसऱ्या कुठल्या देशात एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

त्यावरून मला नाकतोडे आठवले. आपलं भांडण झालं त्याच्या आधीचा ऑगस्ट. सौनाच्या पायरीवर तू टॉवेल गुंडाळून बसली होतीस, म्हणालीस, “यंदा नाकतोडे नाहीत. कोरडं पडलं म्हणून असेल.” मी हो म्हटलं. ते इतके ओरडत होते की मी हो मोठ्यानं म्हटलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. तुझं बोलणं मला नेहमी बरोबर वाटायचं, हीच सवय होती.

तुझे कान गेले आहेत, आउने. सगळे नाहीत. सुतार ऐकू येतो, घुबड ऐकू येतं, मी ऐकू येतो. वरचा बारीक आवाज गेला आहे. तुओमो म्हणतो, वयाबरोबर जातो, आधी सुई जाते, मग बाकीचं, त्याच्या वडिलांचंही तसंच झालं. मी वयानं लहान. शिवाय जन्मभर करवत चालवली ती कानांवर मोठी झाकणं लावून, कारण ठेकेदार दंड करायचा. तुझे उघडे राहिले. त्यामुळे गेले असं नाही, तुओमोनं हे मला दोनदा सांगितलं. तरी मला ते बरं वाटत नाही.

हे मी आधी का लिहिलं नाही? कारण मला जिंकायचं होतं, आणि जिंकायचं तर हे लिहावं लागणार होतं. तेवढ्यासाठी नको वाटलं. आता जिंकण्याचं काही राहिलं नाही, नुसतं लिहायचं राहिलं आहे. राई पडली तर ती तुझ्या कानांपायी पडेल, आणि हे तुला उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू मला कधीही माफ करणार नाहीस. आज कळलं तरी कदाचित नाही करणार. पण राई उभी राहील.

सही मी केलेली नाही.

वाइनो


२३ फेब्रुवारी

आउने,

पार्सल मिळालं. सायमीनं ते पोस्टातून स्वतः आणलं, आता पगार मिळत नाही तरी. वजन करून, कानाशी हलवून बघितलं. “मऊ आहे,” ती म्हणाली. “चिठ्ठी नाही.”

“उघडायच्या आधी कसं कळलं?”

“चिठ्ठी असली की आवाज होतो. इतकी वर्षं काय बटाटे वाटत होते?”

चिठ्ठी नव्हतीच. बाबांची टोपी होती. सायमीनं स्वयंपाकघरात हात धुतले, मग टोपीला हात लावला. “टोपी पाठवली म्हणजे वाट सोडली,” ती म्हणाली, आणि नाक पुसलं. तिला लगेच रडू येतं. पत्रं वाटून वाटून सवय झालीय.

मलाही आधी तेच वाटलं. तू वाट सोडलीस, मला दिलीस, संपलं. ती टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसलो. काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते कळेना. मग कळलं. कानपट्ट्या खाली लोंबत होत्या. मी बाबांची टोपी आजवर अशी पाहिलीच नव्हती. कुत्र्याच्या कानांसारख्या, थोड्या बावळट, आतली लोकर नवीकोरी, पांढरी. उन्हानं, बर्फानं बाहेरचं चामडं काळं पडलंय, आणि आत एक बोटभर सुद्धा मळ नाही. इतक्या वर्षांत कुणी ती कानाला लावलीच नाही.

गाठ तू सोडलीस.

ती कात्रीनं कापता आली असती. चामड्याची दोरी वाळून लाकूड झाली होती. तू कापली नाहीस. दोरीवर दातांच्या खुणा आहेत. किती वेळ लागला असेल मला माहीत नाही, चौथ्या मजल्यावर, खिडकीशी बसून, कुणी न बघता. मी ती दोरी हातात धरली आणि मला फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण आपल्या घरात हे कुणी कुणाला लिहिलेलं नाही.

तुला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. थोडं माहीत असणार. जंगल रिकामं झालं असं म्हणणं त्याहून सोपं होतं, आणि करवत हातात घेऊन शेजारी भाऊ उभाच होता. तुझ्या जागी मी असतो तर मीही त्यालाच धरलं असतं. दुकानातलं वाक्य तू परत घेतलं नाहीस तरी चालेल. ब्रेड आता मी दुसऱ्या दिवशी घेतो, गर्दी नसते.

लाकूडवाल्याला काल नाही सांगितलं.

“कारण?” त्यानं विचारलं.

“जंगल रिकामं नाही.”

“तुमच्या बहिणीनं लिहिलंय...”

“बहिणीनं टोपी पाठवलीय,” मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याच्या कुत्र्यानं पहिल्यांदाच शेपटी हलवली. करार तुझ्या सहीसकट त्याच्या हातात परत दिला. पेन्सिलीची ओळ मी आधी खोडून टाकली. तेवढी माझी मुजोरी.

आता कामाचं. हिवाळ्यातली शेवटची फेरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. तुओमोनं विचारलं, वाट कुणाच्या नावावर टाकू? मी म्हटलं, दोघांच्या. टाम्पेरेला मी गाडी घेऊन येतो, जिन्यात धरून उतरवीन. आपण पूर्ण वाट चालायची नाही, तुझा खुबा ऐकणार नाही. तळं आणि पट्टी सायमी करील, ती तशीही बडबडत राहील आणि तिथे सुतार सोडून कुणी घाबरत नाही. आपण दोघं फक्त राईपर्यंत. मी ती बर्फावर घसरणारी ढकलगाडी आणीन, जी आपण आईसाठी वापरायचो. चिडू नकोस. आई चिडली होती, मग तिला आवडायला लागली.

राईत आपण उभे राहू. मी बोलणार नाही, बाबांचा कायदा मोडणार नाही. पण सुई वाजली की मी तुझी हनुवटी धरीन आणि डोकं वळवीन, थोडं इकडे, थोडं वर. तू ऐकायचा प्रयत्न करू नकोस. नुसती बघ. तिची चोच उघडलेली दिसली की समज.

टोपी इथेच आहे, चुलीजवळ, तुझ्यासाठी. मी गाठ पुन्हा मारलेली नाही. कानपट्ट्या खाली सोडून घाल, तिथे सकाळी फार थंडी असते. माझे कान उघडे असतील.

तुझा धाकटा
वाइनो